बढाई, ब्रॅग आणि हातातली पानं

तुमचे प्रश्न दोन आहेत. मराठी कथा इंग्रजीत नेताना 'दारात बैल नाही, पण तात्या गावभर फुशारक्या मारत हिंडायचे' या वाक्यावर तुम्ही अडलात. फुशारकीला बोस्ट घ्यावं की ब्रॅग हे ठरेना म्हणून पर्यायकोश उघडलात, तर त्यातून व्हॉन्ट, क्रो, स्वॅगर, ब्लस्टर, गॅस्कनेड अशी वरातच निघाली. दुसरा प्रश्न असा, की अनुवादसंस्थेला पाठवायच्या परिचयात 'आय बोस्ट टेन इयर्स ऑफ एक्सपिरियन्स' लिहिलं तर चालेल का.

दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात देते: नको. का नको, ते ओघात येईल. पहिल्याला मात्र वेळ लागेल, कारण या शब्दांवर मी स्वतः एकदा चांगलीच आपटले आहे.

अनुवाद करायला लागून दोनेक वर्षं झाली होती. एका पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवी अंकातलं अध्यक्षांचं मनोगत इंग्रजीत करायचं होतं. त्यात वाक्य होतं, 'आपल्या चार हजार सभासदांचा संस्थेला अभिमान आहे.' बोस्ट हा शब्द चांगल्या अर्थानेही वापरतात, एवढं मी कुठेतरी वाचलेलं. झोकात लिहून टाकलं, 'द सोसायटी बोस्ट्स अबाउट इट्स फोर थाउजंड मेंबर्स'. अंक छापून आला, समारंभ झाला, पेढे वाटले गेले. तिथे एका निवृत्त प्राध्यापकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, 'बाई, तुम्ही तर संस्थेची चुगली केलीत.'

चूक होती ती 'अबाउट'ची. 'बोस्ट्स फोर थाउजंड मेंबर्स' म्हणजे मिरवावी अशी गोष्ट पदरी असणं. 'बोस्ट्स अबाउट इट्स फोर थाउजंड मेंबर्स' म्हटलं की चारचौघांत ती गोष्ट सांगत सुटणं. मधे एक शब्दयोगी अव्यय आलं आणि संस्था फुशारकीखोर ठरली. पहिला प्रयोग गाव, शहर, कॉलेज, हॉटेल यांच्यासाठी सर्रास होतो. 'द टाउन बोस्ट्स अ फोर्ट' यात टोमणा अजिबात नाही. क्रीडावार्तांत माणसालाही तो लावतात, अमुक फलंदाज पन्नासची सरासरी 'बोस्ट' करतो वगैरे. पण ते तिऱ्हाइताने तिऱ्हाइताबद्दल बोलणं झालं. कर्त्याच्या जागी 'आय' आला की वाचणाऱ्याला ऐकू येतं ते 'मी मिरवतो'. आपल्या लग्नाच्या स्थळाच्या चिठ्ठीत कुणी 'मी दहा वर्षांच्या नोकरीचा टेंभा मिरवतो' असं लिहील का?

आता ब्रॅग. हा शब्द समजायला शब्दकोशापेक्षा पत्त्यांचा डाव बरा. गणपतीच्या जागरणाला किंवा दिवाळीत आपण जी तीन पत्ती खेळतो, ती ज्या इंग्रजी खेळावरून आली त्याचं नावच थ्री-कार्ड ब्रॅग आहे. हातात तीन पानं, समोर पैसे. माझी पानं तुमच्यापेक्षा भारी आहेत असं तोंडाने म्हणायचं नसतं, पैसे टाकून म्हणायचं असतं. आपण ज्याला चाल म्हणतो, ते त्या खेळातलं ब्रॅग करणं. पानं खरोखर भारी असतील, किंवा दुरी-तिरी-पंजा असेल. 'शो' होईपर्यंत कुणाला कळत नाही. आणि एखादा इतक्या तोऱ्यात चाल देतो की हातात रंग असलेला माणूस पानं टाकून मोकळा होतो.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलं तर बोस्ट आणि ब्रॅग यांतला फरक हाताला लागतो. दोन्हींत स्वतःची थोरवी सांगणं आहे. पण बोस्टमध्ये गोष्ट खरी असू शकते, सांगणाऱ्याला भारदस्तपणा असू शकतो, लेखी भाषेत तो शोभतो, आणि त्याला चांगली बाजूही आहे. ब्रॅग घरगुती आहे, थोडा चढ्या आवाजातला, समोरच्याला खिजवणारा. शाळेच्या मैदानावर पोरं ब्रॅग करतात. राजदूत आपल्या देशाच्या नौदलाबद्दल बोस्ट करतो. राजदूताने ब्रॅग केलं असं लिहिलंत, तर तुम्ही त्याची पायरी खाली आणलीत. कधी तेच हवं असतं, मग खुशाल आणा. फक्त नकळत आणू नका.

इतकी वर्षं या शब्दांशी झटापट केल्यावर मी शब्द निवडताना एकच गोष्ट विचारते: या बोलण्यामागे हातात काय आहे? खरी पानं आहेत, रिकामा हात आहे, की अजून पानं वाटायचीच आहेत? कोशात हे शब्द एका रांगेत बसतात, कारण कोशाला डाव दिसत नाही.

पानं वाटायची आहेत, म्हणजे बढाई पुढे घडायच्या गोष्टीची आहे. हा प्रकार मला सगळ्यांत मजेचा वाटतो, आणि इथे मराठी इंग्रजीपेक्षा जास्त काटेकोर आहे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या, 'बेओट' असा शब्द होता. त्याचा अर्थ बढाई असा देतात, पण मुळात तो वचनाचा शब्द. सरदाराच्या दालनात मधाची दारू फिरत असताना योद्धा उभा राहून सगळ्यांसमोर सांगायचा, मी अमुक करीन. ते सांगणं हीच त्याची पत. इ.स. 991 मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर माल्डनला व्हायकिंगांशी लढाई झाली, इंग्रजांचा सेनानी पडला, काही जण पळाले. त्या लढाईवरच्या जुन्या कवितेत एक तरुण योद्धा उरलेल्यांना आठवण करून देतो, की बाकावर बसून मद्य पिताना आपण ज्या बढाया मारल्या त्या आठवा. कोण खरा शूर ते आता कळेल. आणि ते मागे न हटता लढत राहतात.

हे वाचताना मराठी माणसाला विडा आठवल्याशिवाय राहत नाही. भर दरबारात तबकात विडा ठेवलेला, आणि शिवाजीला धरून आणतो म्हणत अफझलखान तो उचलतो. बखरी आणि पोवाडे पिढ्यान्‌पिढ्या हे सांगत आले. विडा उचलणं म्हणजे बेओटच. शब्द दिला, साक्षीदार ठेवले, आता मागे फिरणं नाही. 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाच्या पायथ्याशी त्याचं काय झालं ते शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. म्हणून त्या दरबारातल्या बोलण्याला आपण आज वल्गना म्हणतो. खान जिंकता तर विजापूरच्या इतिहासात त्यालाच प्रतिज्ञा म्हटलं असतं.

वल्गना हा शब्द नीट बघा. संस्कृतात वल्ग् म्हणजे उड्या मारणं, घोड्याने उधळत दौडणं. मराठीत वल्गना बहुतेक वेळा भविष्याची असते, आणि तो शब्द वापरेपर्यंत निकाल लागलेला असतो, किंवा निदान बोलणाऱ्याच्या मनात तरी लागलेला असतो. निकाल लागायच्या आधी आपण दर्पोक्ती म्हणतो. इंग्रजीत या दोन्हींना एकेकटा शब्द नाही, जोड द्यावी लागते. 'आयडल बोस्ट' म्हणजे वल्गना. अमुक गोष्ट 'नो आयडल बोस्ट' होती म्हणजे बोललं ते करून दाखवलं. धमकीचा वास असेल, आरडाओरडा असेल आणि आत काही नसेल, तर ब्लस्टर. हा शब्द मुळात सोसाट्याच्या वाऱ्याचाही आहे, त्यामुळे 'गर्जेल तो पडेल काय' या आपल्या म्हणीच्या तो जवळ बसतो.

दर्पोक्तीची वल्गना कशी होते, याचं माझं आवडतं उदाहरण क्रिकेटमधलं आहे. 1976 साली वेस्ट इंडीजचा संघ इंग्लंडमध्ये आला. इंग्लंडचा कर्णधार टोनी ग्रेग मालिकेआधी दूरचित्रवाणीवर म्हणाला, मी यांना ग्रॉव्हल करायला लावणार. ग्रॉव्हल म्हणजे जमिनीवर सरपटत नाक घासणं. ग्रेग जन्माने दक्षिण आफ्रिकेतला, तिथे वर्णद्वेषी राजवट, आणि समोर वेस्ट इंडीजचे कृष्णवर्णीय खेळाडू. त्या एका क्रियापदाने काय पेटलं असेल याची कल्पना करा. व्हिव रिचर्ड्‌सने चार कसोटींत 829 धावा कुटल्या. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत एकट्याच्या 291, आणि त्याच सामन्यात मायकेल होल्डिंगचे 14 बळी. मालिका 3-0 अशी वेस्ट इंडीजकडे. ओव्हलवरच ग्रेग वेस्ट इंडीजच्या पाठीराख्यांसमोर हातापायांवर चार पावलं रांगला. हसतहसत रांगला, पण रांगला.

यासाठी इंग्रजीत खाण्याचे वाक्प्रचार आहेत. आपले शब्द खाणं म्हणजे 'ईट युवर वर्ड्‌स', आणि अमेरिकेत 'ईट क्रो', म्हणजे कावळा खाणं. गंमत अशी की फुशारकीसाठीही क्रो हेच क्रियापद आहे, पण तिथे कावळ्याचा काही संबंध नाही. ते कोंबड्याचं आरवणं. विद्यार्थी हमखास इथे घसरतात. 'ही क्रोड अबाउट हिज व्हिक्टरी' याचं 'तो कावकाव करू लागला' असं भाषांतर मी तपासलेलं आहे. जिंकलेला कोंबडा उकिरड्यावर चढून, मान ताणून आरवतो, ते चित्र. त्याच खुराड्यातून कॉकी, म्हणजे आगाऊ, हाही आला.

क्रोच्या शेजारी ग्लोट येतो, आणि या दोघांची गल्लत फार होते. क्रो करायला आवाज लागतो. ग्लोट गप्प राहूनही करता येतो, नुसत्या डोळ्यांनी, ओठांच्या कोपऱ्याने. आणि ग्लोटमध्ये दुसऱ्याचं नुकसान जवळजवळ लागतंच. शेजाऱ्याच्या मुलाला कमी गुण पडले आणि तुम्ही त्यांच्याकडे पेढे घेऊन गेलात, काही न बोलता पेढ्यांचा बॉक्स टीपॉयवर ठेवलात, तर ते ग्लोट. मराठीत आपण त्याला आसुरी आनंद म्हणतो, पण ते भावनेचं नाव झालं, कृतीचं नाही. त्या कृतीला एकच शब्द हवा असेल तर अजून मला सापडलेला नाही.

इथे एका शब्दाची कथा सांगायचा मोह होतो. जुन्या इंग्रजीत बढाई मारण्याचं आणखी एक क्रियापद होतं, 'गिएल्पन'. त्याचंच आजचं रूप येल्प. आज येल्प म्हणजे शेपटीवर पाय पडलेल्या कुत्र्याचं केकाटणं. दालनात छाती काढून केलेली गर्जना हजार वर्षांत कुठे येऊन पोचली बघा.

हातात पानं आहेत की नाही, हा प्रश्न कोर्टातही गेलेला आहे. एलएल.बी. केलेल्या कुणालाही विचारा, कराराच्या कायद्यात पहिल्या सत्रातच हा खटला येतो. 1891 मध्ये लंडनच्या एका कंपनीने कार्बोलिक स्मोक बॉल नावाच्या वस्तूची जाहिरात केली: सांगितल्याप्रमाणे दिवसातून तीनदा दोन आठवडे वापरूनही इन्फ्लुएंझा झाला, तर 100 पौंड देऊ. मिसेस कार्लिल यांनी वापरला आणि त्यांना इन्फ्लुएंझा झाला. त्यांनी पैसे मागितले. कंपनीचं म्हणणं, अहो ती जाहिरात, तो नुसता पफ, ते कोण मनावर घेतं! इंग्रजी कायद्यात पफ म्हणजे दुकानदाराची फुंकर, 'आमच्यासारखा चहा जगात नाही' छापाची, आणि ती कुणाला बांधील नसते. पण त्याच जाहिरातीत कंपनीने लिहिलं होतं, की आमची प्रामाणिकता दाखवण्यासाठी अलायन्स बँकेत 1000 पौंड ठेवले आहेत. 1892 मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, बँकेत पैसे ठेवलेत ना, मग ही फुंकर नाही, हे वचन आहे. बाईंना 100 पौंड मिळाले. तीन पत्तीच्या भाषेत, चाल दिलीत, आता शो करा. म्हणून जाहिरातीतल्या बढाईचा अनुवाद करताना बोस्ट किंवा ब्रॅग नको, पफ किंवा पफरी घ्या. फाजील बढाई आहे, पण गुन्हा नाही, अशी त्याची नेमकी छटा आहे.

आतापर्यंतचं सगळं बहुतांशी तोंडाने करायचं. पण मराठीत एक अप्रतिम क्रियापद आहे, मिरवणे, आणि त्याला तोंड उघडावं लागत नाही. तोरा मिरवतात, टेंभा मिरवतात, नवी पैठणी मिरवतात. इथे बोस्ट-ब्रॅग दोन्ही चुकतील. वस्तू, पैसा, देह असेल तर फ्लॉन्ट. (हा फ्लाउटपासून सांभाळा. नियम धाब्यावर बसवणं ते फ्लाउट. इंग्रजी वर्तमानपत्रंसुद्धा या दोघांत घोळ घालतात.) कौशल्य असेल, लहान मूल पाहुण्यांसमोर हात सोडून सायकल चालवत असेल, तर शो ऑफ. आणि चालण्यात असेल तर स्वॅगर.

स्वॅगर बदलला आहे, तेवढं लक्षात ठेवा. शेक्सपिअरच्या काळापासून तो उद्धट, छाती काढून चालणाऱ्याला हिणवायचा शब्द. आज तो बराचसा कौतुकाचा आहे. वर रिचर्ड्‌सचा उल्लेख आलाच. हेल्मेट कधी घातलं नाही, तोंडात च्युइंगम, आणि पॅव्हिलियनपासून खेळपट्टीपर्यंत येणं असं सावकाश, जणू मैदान त्याच्या नावावर आहे. ते चालणं म्हणजे स्वॅगर. तोंडाने तो काही म्हणत नव्हता. त्याच्या नावापुढे कुणी ब्रॅगर्ट लिहिलं तर ते साफ चूक ठरेल. त्याच्या हातातली पानं सगळ्यांनी पाहिलेली होती.

हवेचे शब्द एका दमात सांगते. हॉट एअर, विंडबॅग, ब्लोहार्ड. आपली हवा करणं आणि फुगा फुगवणं याच कुळातलं. बॉम्बास्ट मात्र हवेचा नाही, कापसाचा. कपडे फुगीर दिसावेत म्हणून आत जो कापूस कोंबायचे त्याचं ते नाव, आणि मग कोंबून फुगवलेल्या भाषेला तो चिकटला. तो बढाईचा शब्द म्हणून वापरू नका. माणूस स्वतःबद्दल अवाक्षर न काढता, खतांच्या किमतींवर बोलतानाही बॉम्बास्टिक असू शकतो. आपले काही अध्यक्षीय समारोप आठवा.

ट्रम्पेटचं सांगायला हवं. ब्रिटिश माणूस स्वतःचा ट्रम्पेट वाजवतो, अमेरिकन स्वतःचा हॉर्न, मराठी माणूस टिमकी. मोठ्या माणसाच्या आगमनाची तुतारी दुसऱ्याने फुंकायची असते. भालदार-चोपदार ठेवायची ऐपत नाही म्हणून स्वतःच ललकारी देत येणारा सरदार, असा त्यातला विनोद. अनुवादात टिमकीला ट्रम्पेट चालतो, पण टिमकी ही टिमकीच, एवढीशी. ट्रम्पेटमध्ये तो बारकेपणा हरवतो. मी एकदा हट्टाने 'टिन ड्रम' केलं होतं, संपादकाने ते काढलं, आणि त्याचंच बरोबर होतं.

पुस्तकी शब्दांवर फार वेळ घालवू नका. ब्रॅगडोशिओ हे 1590 च्या एका दीर्घ इंग्रजी काव्यातलं पात्र, ब्रॅगला इटालियन झालर लावून बनवलेलं नाव. आज रॅप संगीतात तो शब्द जिवंत आहे, तिथे तो रीतसर गानप्रकार आहे आणि आपल्या कलगी-तुऱ्यातल्या शाहिराला तो लगेच समजला असता. रॉडमंटेड एका इटालियन काव्यातल्या राजावरून, थ्रेसॉनिकल रोमन नाटकातल्या शिपायावरून, गॅस्कनेड फ्रान्सच्या गॅस्कनी प्रांतातल्या लोकांवरून. तात्यांच्या वाक्यात यातला एकही घातलात तर वाचक तात्यांना सोडून तुमच्याकडे बघेल, आणि मग फुशारकी तुमची होईल.

नव्या शब्दांत मला सगळ्यांत उपयोगी वाटतो हंबलब्रॅग. हॅरिस विटल्स या अमेरिकन विनोदी लेखकाने 2010 मध्ये ट्विटरवर त्या नावाचं खातं काढलं आणि नामवंतांच्या रडगाण्याआड लपलेल्या बढाया तिथे चव्हाट्यावर मांडायला सुरुवात केली. शब्द अमेरिकेचा, पण वस्तू आपल्याकडे घरोघरी. 'काय सांगू वहिनी, अमेरिकेतल्या घराचा वैताग आलाय. चार बाथरूम! घासायला बाई मिळत नाही.' किंवा 'या ना, आमच्या गरिबाच्या झोपडीला पाय लागू द्या,' आणि झोपडीला लिफ्ट. याला मराठीत शब्द नव्हता आणि मला वाटतं तो आपण करायलाही हरकत नाही. तोवर हंबलब्रॅग तसाच ठेवा, हल्लीच्या वाचकाला कळतो.

फ्लेक्स हा त्याच्या उलट टोकाचा. दंड फुगवून दाखवणं हे मूळ, त्यात नम्रतेचा आव नाही. नवा फोन टेबलावर पालथा ठेवला, म्हणजे मागचा लोगो दिसावा, तर तो फ्लेक्स. आपली शायनिंग त्याच्या अगदी जवळ आहे. नेम-ड्रॉपिंग म्हणजे ओळखींची बढाई, 'परवा साहेबांकडे चहाला होतो' ही. 'सांगे वडिलांची कीर्ती' यात ते अर्धंच येतं, कारण नेम-ड्रॉपिंगला नातंसुद्धा लागत नाही, एक सेल्फी पुरतो.

आता तुमचा परिचय. मराठीतून इंग्रजीत स्वतःबद्दल लिहिताना आपले दोन प्रकारे हाल होतात. एकतर आपण विनयाने मरतो. 'माझा खारीचा वाटा' हे इंग्रजीत नेलं तर परदेशी माणूस ते खरं मानतो, आणि बाईंनी फारसं काही केलेलं नाही असं समजतो. नाहीतर विनयाचा कंटाळा येऊन थेट 'आय बोस्ट' वर जातो. मधली वाट शब्दांत नाही, तपशिलात आहे. विशेषणं काढा, आकडे आणि क्रियापदं ठेवा. 'एक्सलंट ट्रान्सलेटर विथ व्हास्ट एक्सपिरियन्स' ही चाल झाली, हातात पान दिसत नाही. 'आय हॅव ट्रान्सलेटेड सिक्स नॉव्हेल्स फ्रॉम मराठी' हा शो. त्यावर कुणी ब्रॅग म्हणू शकत नाही.

अभिमान दाखवायचाच असेल तर 'आय टेक प्राइड इन' बरा, तोही कामाबद्दल, स्वतःबद्दल नाही. प्राइड हा शब्द दुधारी आहे. ख्रिस्ती परंपरेत ते सात महापातकांपैकी एक आहे, आणि तोच शब्द आई मुलाच्या पाठीवर हात ठेवून वापरते. मराठीत आपल्याकडे यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, अभिमान आणि गर्व, आणि गर्वाचं घर खालीच. हल्ली हिंदीच्या वाऱ्याने 'मला गर्व आहे' असं लिहितात, ते वाचलं की माझी पेन्सिल आपोआप उचलली जाते.

आणि तात्या. दारात बैल नाही, म्हणजे हात रिकामा. गावभर हिंडून सांगतात, म्हणजे आवाज आहे, गाव ऐकतंय. वल्गना नाही, कारण पुढचं काही करून दाखवायचं म्हणत नाहीत. ब्लस्टर नाही, कुणाला धमकावत नाहीत. बोस्ट त्यांना जड होईल, कोटाचे खांदे ढगळ लागावेत तसा. टेक्ससमध्ये अशा माणसाला 'ऑल हॅट अँड नो कॅटल' म्हणतात, हॅट मोठी आणि गुरं नाहीत. बैलामुळे ते इतकं चपखल बसतं की लिहावंसं वाटेलच. लिहू नका. तात्यांच्या डोक्यावर मुंडासं असेल किंवा टोपी, काऊबॉयची हॅट नक्की नाही.

मी असं करेन: 'तात्या डिडन्ट ओन अ सिंगल बुलक, बट ही वेंट ब्रॅगिंग ऑल ओव्हर द व्हिलेज.' 'सिंगल' ठेवलाय, कारण मराठी वाक्यातला जोर 'बैल नाही' या तुटक्या बोलण्यात आहे आणि तो कुठेतरी भरून काढायला हवा. 'हिंडायचे' मधला नेहमीचेपणा जास्त हवा असेल तर 'ही वुड गो ब्रॅगिंग'. 'तात्या'ला टीप देऊ नका. फक्त 'हिंडायचे' या आदरार्थी रूपात लेखकाचा तात्यांबद्दलचा जो जिव्हाळा आहे, तो इंग्रजीच्या 'ही' मध्ये सांडतो. तो पुढच्या एखाद्या वाक्यात कुठे परत ठेवता येईल, ते कथा तुमच्यासमोर आहे, तुम्हालाच बघावं लागेल.